कोरडी दांडी, ओली दांडी

म्हैसूरच्या सरस्वतीपुरम भागातल्या एका विद्यार्थी वसतिगृहात सकाळी साडेसातलाच जमिनीखालच्या टाकीचं लोखंडी झाकण बाजूला सरकवलेलं आहे. टाकी काल उपसली, घासली, धुतली. तळाचं सिमेंट अजून ओलसर आहे, एका कोपऱ्यात ओंजळभर गाळ राहिला आहे आणि आत वाकून बोललं की आवाज घुमतो. इथं सगळे तिला ‘संप’ म्हणतात. तीन मीटर लांब, अडीच मीटर रुंद, दोन मीटर खोल. वर्षातून दोनदा धुवायला काढतात, तेवढ्यापुरतीच ती अशी रिकामी दिसते.

निपाणीकडून आलेला इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक याच सकाळची तीन आठवडे वाट पाहत होता. यंत्र तयार होतं, पैसेही ठरले होते. पण टाकी रिकामी असल्याशिवाय काम सुरू करायला त्यानं साफ नकार दिला होता. वसतिगृहाच्या वॉर्डनना ते पटलं नव्हतं. पाणी मोजायचं यंत्र पाणी असताना बसवलं तर काय बिघडतं, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. त्या प्रश्नाचं उत्तर कळायला त्या दिवशी दुपारचे दोन वाजले.

आजवर इथलं पाणी मोजायची जबाबदारी वॉचमनकडे होती. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. खुंटीवर एक लांब बांबू टांगलेला. रोज पहाटे तो संपात सोडायचा, वर काढायचा, ओल कुठवर आली ते बघायचं आणि मोटर लावायची की थांबायचं ते ठरवायचं. वॉर्डन खिडकीतून विचारणार, “अण्णा, नीरु एष्टिदे?” पाणी किती आहे? अण्णा हातानं कमरेएवढी नाहीतर गुडघ्याएवढी खूण करणार. पंधरा वर्षं असंच चाललं होतं आणि बहुतेक वेळा चांगलं चाललं होतं. दोनदा मात्र पंप कोरडा फिरून जळला.

नवीन यंत्र दिसायला साधं आहे. दहा मिलिमीटर जाडीची स्टीलची दांडी, तिच्यावर एक मिलिमीटर जाडीचं टेफ्लॉनचं आवरण. ही दांडी भोकं पाडलेल्या स्टीलच्या नळीत मधोमध बसवलेली. नळीचा आतला व्यास पन्नास मिलिमीटर. लांबी एक मीटर नव्वद सेंटिमीटर. दांडीच्या डोक्यावर मुठीएवढी ॲल्युमिनियमची डबी, आत सर्किट. काहीही हलत नाही, फिरत नाही, वरखाली होत नाही. तरंगणारा गोळाही नाही. नळीतून पाणी चढतं आणि डबीतला आकडा चढतो.

हा आकडा पिकोफॅरडमध्ये असतो. विजेचा भार साठवण्याची क्षमता फॅरड या एककात मोजतात. मायकेल फॅरडेच्या नावावरून पडलेलं हे एकक फार मोठं आहे, म्हणून कामापुरता त्याचा दशलक्षांशाचा दशलक्षांश भाग घेतात. तो पिकोफॅरड. दोन धातूंच्या मध्ये वीज न वाहणारा पदार्थ ठेवला की झाला कपॅसिटर, मराठी परिभाषेत धारित्र. मधला पदार्थ बदलला की क्षमता बदलते. हवेच्या जागी खाद्यतेल आलं तर ती सुमारे तिप्पट होते. शुद्ध पाणी आलं तर खोलीच्या तापमानाला जवळजवळ ऐंशीपट. दांडीचा जेवढा भाग बुडाला तेवढ्यापुरती क्षमता वाढते आणि उरलेला भाग हवेतलाच हिशेब दाखवतो. दोन्हींची बेरीज म्हणजे पातळी.

नळाचं पाणी मात्र या नियमात नीट बसत नाही, कारण त्यात क्षार असतात आणि त्यातून वीज वाहते. उघडी दांडी अशा पाण्यात घातली तर दांडी आणि नळी यांच्यात सरळ वाट तयार होते आणि मोजायला काही उरत नाही. टेफ्लॉनचं आवरण त्यासाठीच. आवरण चढवलं की पाणी स्वतःच कपॅसिटरची बाहेरची पट्टी होतं. आत दांडी, मध्ये एक मिलिमीटर टेफ्लॉन, बाहेर पाणी. टेफ्लॉन पातळ असल्यामुळे क्षमता भरपूर मिळते. वर पाण्याचा तो ऐंशीचा आकडा हिशेबातून बाहेर पडतो, त्यामुळे पाणी थंड की कोमट याचा फरकही जवळपास संपतो.

ही रचना पावणेतीनशे वर्षं जुनी आहे. १७४६ साली हॉलंडमधल्या लायडन गावी पीटर व्हान मुशेनब्रुक यांच्या प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यात पाणी भरून त्यात वीज साठवली गेली. आत पाणी, मध्ये काच, बाहेर भांडं धरणाऱ्याचा हात. त्या हाताला जबरदस्त झटका बसला आणि ‘लायडनची बरणी’ जगभर गाजली. जगातल्या या पहिल्यावहिल्या कपॅसिटरच्या पोटात पाणी होतं. आवरण चढवलेली दांडी म्हणजे तीच बरणी उलटी केलेली: पाणी बाहेर, धातू आत.

आदल्या दिवशी, हेब्बाळ औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये, याच जातीच्या एक मीटरच्या दांडीची चाचणी चालू होती. चार इंची पीव्हीसी पाइप खालून बंद करून भिंतीशी उभा केलेला, त्यात दांडी, शेजारी टेबलावर क्षमता मोजणारा एलसीआर मीटर. मदतीला चंदगडचा एक पोरगा. मीटरवर ३७. पोरगा मापानं पाणी ओतायचा आणि दर दहा सेंटिमीटरला थांबायचा. ९७. मग १५७. मग २१८. दर वेळी साधारण साठाची उडी, कागदावरच्या गणिताशी जुळणारी.

“आता हात ने जवळ,” मेकॅनिक म्हणाला.

पोरानं दांडीच्या उघड्या टोकाजवळ पंजा नेला. हात अजून चार बोटं लांब होता, तोच आकडा सरकायला लागला. २१९. २२०. हात मागे, पुन्हा २१८.

“दादा, आपण पाण्याला शिवलोच नाही.”

“पाण्याला नाही रे, पण तुझ्यातही पाणीच आहे. त्या दांडीला तू पण टाकीच वाटतोस.”

पुढचं प्रात्यक्षिक पोराला जास्त लागलं. मेकॅनिकनं मीटर आणि दांडी यांच्यामध्ये एक मीटर लांबीची नेहमीची कोॲक्सियल केबल जोडली. आकडा एकदम शंभराच्या आसपास वाढला. पाणी तेवढंच, दांडी तीच. केबल हीसुद्धा एक तार, मध्ये प्लॅस्टिक आणि भोवती जाळी. म्हणजे तीही कपॅसिटर, दर मीटरला सुमारे शंभर पिकोफॅरडचा. पन्नास फूट केबल ओढून मीटर ऑफिसात लावला तर दांडीपेक्षा केबलच जास्त मोजली जाईल. तीही हलली, वाकली, उन्हात तापली तर टाकीत पाणी वाढल्याचा भास होईल. म्हणून सर्किट दांडीच्या डोक्यावरच बसवतात. तिथून पुढे क्षमता जात नाही, जातो विजेचा प्रवाह, चार ते वीस मिलीअँपिअरचा. रिकाम्याला चार, भरल्याला वीस. तार तुटली तर शून्य येतं, आणि शून्य म्हणजे ‘रिकामी टाकी’ असा घोटाळा होत नाही. चारपासून सुरुवात करण्यामागचा हा शहाणपणा कारखान्यांतल्या प्रत्येक इन्स्ट्रुमेंटवाल्याच्या अंगवळणी पडलेला असतो.

शेवटी पाइपमधलं पाणी सोडून दिलं. मीटर ३७ वर यायला हवा होता. तो ४५ वर थांबला. आत वाकून पाहिलं तर नळीच्या आणि दांडीच्या मधल्या जागेत थेंब लटकले होते. काही मिनिटांत ते ओघळले, तसा आकडा ४१, ३९ करत उतरला. स्वच्छ पाण्याचं हे असं. रंग, काकवी, शाम्पू यांसारखे दाट द्रव दांडीला थर देऊन चिकटतात आणि पातळी उतरली तरी थर वर राहतो. त्यासाठी दांडीभोवती ‘गार्ड’ नावाचं जास्तीचं कवच देऊन थराचा परिणाम कापणारी यंत्रं मिळतात. ती महाग असतात. संपासाठी त्यांची गरज नाही, पण बोअरच्या जड पाण्याचा चुनखडीसारखा थर दर सहा महिन्यांनी पुसावा लागणार, हे मेकॅनिकनं वहीत तेव्हाच लिहून ठेवलं.

आता संप रिकामा आहे. दांडी झाकणाच्या चौकटीला बोल्टनं आवळली आहे. तिचं खालचं टोक तळापासून दहा सेंटिमीटर वर आहे. गाळात रुतू नये म्हणून. डबीचं झाकण उघडं. मीटर लावला. ७४. कोरड्या दांडीचा आकडा मिळाला.

वॉर्डनच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर याच आकड्यात आहे. गणितानं हा आकडा ७० यायला हवा होता. वरचे चार पिकोफॅरड नटबोल्ट, टर्मिनल आणि चौकट यांचे आहेत, आणि ते दर टाकीला वेगळे निघतात. या संपात एक सेंटिमीटर पाणी म्हणजे ७५ लिटर, आणि सेंटिमीटरला सुमारे सहा पिकोफॅरड. म्हणजे पंधरा लिटरची एक बादली भरते सव्वा पिकोफॅरडमध्ये. चार पिकोफॅरडची चूक म्हणजे पन्नास लिटर पाणी, जे टाकीत नाहीच. दांडीला पाण्याचं काही कळत नाही. तिला फरक कळतो. कोरडं कसं असतं हे तिला एकदा दाखवून दिल्याशिवाय ओल्याचा हिशेब ती करू शकत नाही.

साडेआठला नळाचं पाणी सुरू झालं. म्हैसूरला प्यायचं पाणी कावेरी आणि कबिनी या दोन नद्यांतून येतं. होंगळ्ळी, बेळगोळ, मेळापूर ही कावेरीकाठची जलकेंद्रांची नावं इथल्या लोकांना तोंडपाठ असतात, कारण पाणी आलं नाही की बातमीत यांपैकी एखादं नाव असतं. नळाची धार तासाला अडीच हजार लिटर. संप भरायला पाच तास लागणार. दर अर्ध्या तासाला पोरगा मीटर वाचतो, अण्णा बांबू सोडतात आणि मेकॅनिक दोन्ही आकडे शेजारीशेजारी लिहितो.

या रिकाम्या वेळात खरा वाद निघाला: शून्य कुठं धरायचं?

वॉर्डनच्या मते शून्य म्हणजे तळ. दांडीला तर तळ दिसतच नाही, तिचं शून्य दहा सेंटिमीटर वर. अण्णांनी तिसरंच दाखवलं. पंपाचा फूट व्हॉल्व्ह तळापासून पंधरा सेंटिमीटरवर आहे. पाणी तिथवर उतरलं की पंप हवा ओढतो आणि जळतो. दोन्ही वेळा हेच झालं होतं. ‘टाकीत पाणी आहे’ असं काठी सांगत होती आणि ते खरंही होतं. फक्त ते पाणी पंपाच्या उपयोगाचं नव्हतं.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ही गोष्ट परकी नाही. उजनी धरण दर उन्हाळ्यात ‘उणे’ जातं. उणे वीस टक्के, उणे चाळीस टक्के, असे मथळे येतात आणि नवख्या माणसाला कळत नाही की पाणी उणे कसं असेल. उजनीत ६३ टीएमसीहून जास्त पाणी मृतसाठा म्हणून तळाशी धरलेलं आहे आणि शून्य त्या साठ्याच्या वर मांडलं आहे. पळसदेवचं पाण्यात बुडालेलं देऊळ वर आलं की भीमाकाठच्या लोकांना आकड्याची गरज उरत नाही. म्हैसूरजवळच्या कृष्णराजसागरात याची हुबेहूब जोड सापडते. जुन्या कन्नंबाडी गावाचं वेणुगोपालस्वामीचं देऊळ जलाशयात गेलं होतं. पाणी फार उतरलं की ते दिसायचं. पुढे ते दगडांसकट हलवून काठावर होस कन्नंबाडीला पुन्हा उभं केलं. पातळी दाखवणारं एक माप त्या दिवशी जलाशयातून गेलं, असंही म्हणता येईल.

कृष्णराजसागराची पातळी मात्र टक्क्यांत बोलली जात नाही. इथं फूट चालतात. पूर्ण पातळी १२४.८० फूट, आणि हा आकडा म्हैसूर-मंड्याच्या शाळकरी पोरालाही माहीत असतो. पावसाळ्यात स्थानिक वर्तमानपत्रं रोज आजची पातळी छापतात आणि लोक ती पावसाच्या बातमीच्याही आधी वाचतात. यामागे जुनी दुखरी नस आहे. कावेरीच्या वाटपावरून कर्नाटक आणि तमिळनाडू यांच्यात शंभर वर्षांहून जास्त काळ भांडण चाललं. १६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तमिळनाडूसाठी सीमेवरच्या बिळिगुंड्लू इथं वर्षाला १७७.२५ टीएमसी पाणी सोडण्याचा निकाल दिला. असा निकाल अमलात आणायचा तर आधी पाणी बिनचूक मोजता आलं पाहिजे, आणि दोन्ही बाजूंना ते माप मान्य असलं पाहिजे.

धरण बांधायला १९११ साली सुरुवात झाली तेव्हा म्हैसूर संस्थानाचे मुख्य अभियंता होते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्याआधीची त्यांची उमेदीची वर्षं मुंबई इलाख्यात गेली. अभियांत्रिकीचं शिक्षण पुण्याच्या सायन्स कॉलेजात झालेलं. खडकवासल्याला १९०३ साली त्यांनी स्वतः शोधून पेटंट घेतलेले स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की पाण्याच्याच जोरावर ते उघडायचे, माणसाला धावावं लागायचं नाही. पातळी कळणं आणि पातळीवर कृती होणं या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच यंत्रात बांधल्या. आज आठशे रुपयांचा वॉटर लेव्हल कंट्रोलर घराच्या छतावर हेच काम करतो.

एवढ्या खोल धरणात कपॅसिटिव्ह दांडी घालत नाहीत. चाळीस मीटरची सरळ दांडी उभी करणं आणि ओढीच्या पाण्यात ती टिकवणं परवडत नाही. तिथं पाण्याचा दाब मोजणारी किंवा वरून रडारनं अंतर काढणारी साधनं बरी. दांडीचं राज्य टाकीत, पिंपात, बॉयलरच्या पाणीपुरवठ्यात, तेलाच्या साठ्यात. छतावरच्या प्लॅस्टिकच्या टाकीला तर बाहेरून चिकटवायची चपटी डबी मिळते. ती टाकीच्या भिंतीतून पाण्याची चाहूल घेते. धातूच्या टाकीवर मात्र ती आंधळी, कारण धातूपलीकडे तिचं विद्युत क्षेत्र जातच नाही.

साडेअकरापर्यंत वाद मिटला. शून्य तळापासून पंचवीस सेंटिमीटरवर धरायचं ठरलं. फूट व्हॉल्व्हच्या दहा सेंटिमीटर वर, सुरक्षित अंतर ठेवून. मेकॅनिकनं मुद्दाम नळ बंद करायला लावला आणि वही उघडली. सकाळी पाणी त्या रेषेवरून चढलं तेव्हाची नोंद होती १६२. आताची पातळी त्याच्या कितीतरी वर गेली होती, म्हणून त्यानं पंप लावून पाणी छतावर चढवलं आणि रेषेपर्यंत उतरवून पाहिलं. चढताना आणि उतरताना आकडा एकच येतो का, हे बघायला हवं होतं. उतरताना आधी १६७ आला, मग थेंब ओघळल्यावर १६२. या पडताळणीत पाऊण तास गेला. आपल्याकडे शेकडो टाक्यांवर यंत्रं बसतात ती हा पाऊण तास वाचवून बसतात. कंपनीनं कारखान्यात भरलेले आकडे तसेच ठेवले जातात, पडदा लागतो, बिल निघतं. महिनाभरात ‘हे यंत्र खोटं बोलतं’ म्हणून लोक ते बंद करून ठेवतात. दोष यंत्राला लागतो, आणि तो बहुतेक वेळा चुकीचा लागतो.

आवारातच जनरेटर आहे. त्याच्या डिझेलच्या टाकीतही अशीच दांडी बसवा, म्हणून वॉर्डननी विचारलं. मेकॅनिकनं ती टाकी उघडून तळाशी काचेची नळी सोडली, बोटानं तोंड बंद करून वर काढली आणि उजेडात धरली. वर डिझेल, खाली बोटभर पाणी. टाकीतल्या हवेतली वाफ थंड होऊन साचत गेलेलं. डिझेल वीज वाहत नाही, म्हणून तिथं आवरणाशिवाय दांडी चालते. डिझेलमुळे क्षमता हवेच्या दुपटीच्या आसपास जाते, एवढ्याच फरकावर मोजमाप करायचं. एक मिलिमीटर पातळीला पिकोफॅरडचा शंभरावा हिस्सा कामाला लागतो. आणि तळाशी पाणी असेल तर? उघडी दांडी आणि नळी त्या बोटभर पाण्यानं जोडल्या जातात आणि रिकामी टाकी भरलेली दाखवते. “आधी पाणी काढा, मग दांडी,” तो म्हणाला आणि त्या कामाचे पैसे घ्यायला त्यानं तिथंच नकार दिला.

इंधन मोजण्यात ही पद्धत सगळ्यात जास्त पारखली गेली ती विमानांत. पंखांतल्या टाक्या सपाट, वेड्यावाकड्या, सतत कलणाऱ्या; तरंगता गोळा तिथं टिकत नाही. म्हणून प्रत्येक टाकीत ठिकठिकाणी दांड्या उभ्या करतात आणि त्यांच्या आकड्यांची गोळाबेरीज करतात. वैमानिकाला लिटर नको असतात, त्याला वजन हवं असतं, कारण इंजिनाला मिळणारी ऊर्जा वजनावर ठरते. इंधन थंड होऊन दाट झालं की दांडीची क्षमताही थोडी वाढते, त्यामुळे दांडी आपोआप वजनाच्या जवळचं उत्तर देते.

१९८३ च्या २३ जुलैला एअर कॅनडाच्या १४३ क्रमांकाच्या उड्डाणाचं नवं बोइंग ७६७ माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं तेव्हा त्याचे इंधनाचे काटे कोरे होते. टाकीतल्या दांड्या धडधाकट होत्या. त्यांचे आकडे वाचणाऱ्या प्रोसेसरमध्ये एक झाळ कच्ची राहिली होती. मग जमिनीवरच्या लोकांनी जुनी पद्धत काढली: टाकीखालून मोजकाठी सोडून इंधन पाहिलं. ते ७,६८२ लिटर निघालं. काठीचं माप बरोबर होतं. चुकलं ते पुढचं गणित. कॅनडात तेव्हा पौंडांकडून किलोकडे जाणं चालू होतं. एका लिटरचं वजन ०.८०३ किलो धरण्याऐवजी १.७७ धरलं गेलं, जे खरं तर पौंडांत होतं. प्रवासाला २२,३०० किलो लागणार होतं. त्या हिशेबानं ४,९१७ लिटर भरले. हवे होते २०,०८८. हवेतच एकापाठोपाठ एक दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी ते प्रचंड विमान ग्लायडरसारखं तरंगत आणून गिम्ली गावच्या जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर उतरवलं. आत ६१ प्रवासी आणि ८ कर्मचारी होते, सगळे वाचले.

पोरानं ही गोष्ट जेवताना ऐकली आणि डबा खाली ठेवून विचारलं, “म्हणजे चूक काठीची की दांडीची, दादा?”

“दोघींचीही नाही. आकडा कशातला ते कोणी लिहून ठेवलं नव्हतं.”

एक वाजता पुन्हा नळ सुरू. टँकरही आला, म्हणून भरणं लवकर आटपलं. तळापासून पंच्याऐंशी सेंटिमीटरला काठीवरची ओल आणि मीटर दोन्ही थांबून पाहिले. ५११. दोन टोकांवरून काढलेल्या हिशेबात पुढे ५१२ निघाला. दोन वाजायला पाच मिनिटं असताना बॉल कॉकनं धार बंद केली. पाणी तळापासून एक मीटर सत्तर सेंटिमीटर. मीटरवर १००९. कागदावरचं गणित १०३६ सांगत होतं. टेफ्लॉनचं आवरण सगळीकडे नेमकं एक मिलिमीटर नसतं, कुठं किंचित जाड असतं, आणि सत्तावीस पिकोफॅरडची तूट त्यातून येते. पुस्तकातला आकडा भरला असता तर भरलेली टाकी कायम साडेतीनशे लिटरनं कमी दिसली असती. वॉर्डनच्या प्रश्नाचं उरलेलं निम्मं उत्तर हे होतं. त्यांनी दोन्ही आकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आणि मान हलवली.

ऑफिसातला पडदा जोडला. शून्याच्या वर दहा हजार आठशे पंच्याहत्तर लिटर. प्रवाह साडेपाच मिलीअँपिअरवर आला की पंप आपोआप बंद होईल. ती शून्याची रेषा. वॉर्डनना पडदा आवडला. अण्णा तो पाहून आले आणि परत बाहेर येऊन संपाशी उभे राहिले.

मेकॅनिकनं काळ्या मार्करनं डबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तीन ओळी लिहिल्या. कोरडी ७४ पीएफ. शून्य १६२ पीएफ, तळापासून २५ सेंमी. भरलेली १००९ पीएफ, तळापासून १७० सेंमी. खाली तारीख. मराठी अक्षरं पुढच्या माणसाला वाचता येणार नाहीत म्हणून तेच पोराकडून कन्नडमध्ये लिहून घेतलं आणि आकडे इंग्रजीत पुन्हा गिरवले. ज्यांच्या घरी, सोसायटीत, दुधाच्या डेअरीत असं यंत्र बसणार आहे त्यांनी बसवणाऱ्याकडून एवढ्या तीन ओळी मागून घ्याव्यात. तो त्या देऊ शकला नाही तर यंत्र अजून बसलेलं नाही, असं समजावं.

बांबू त्यानं काढू दिला नाही. तो धुऊन पुसून तळापासून दर दहा सेंटिमीटरला पांढऱ्या रंगाची रेघ मारली, पंचवीसवर लाल. सोमवारी सकाळी एकदा पडदा आणि बांबू दोन्ही वाचायचे आणि वहीत मांडायचे, असं अण्णांशी ठरलं. पहिल्या सोमवारच्या नोंदीत बांबूवर ११८ सेंटिमीटर आणि पडद्यावर ६,९५० लिटर आहे, म्हणजे पडद्याच्या हिशेबानं तळापासून जेमतेम ११७.७ सेंटिमीटर.